दोन सामन्यांची गोलकीपर

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या भागातल्या मुलींच्या हॉकी संघात सेंटर हाफ खेळत होते. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण शाळेमागचं आमचं मैदान अजून फरशीसारखं टणक होतं. चेंडू त्यावरून सुसाट जायचा आणि पडलं की गुडघ्याची साल निघायची. गोलाला जाळी नव्हती. कुणाच्या तरी मागावरची डाग पडलेली चादर दोन खांबांना मागून बांधायचो. चेंडू चादरीवर धप्पकन आदळला की गोल.

शहरात मुलींचे सहा संघ होते. हिवाळ्यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळायचा आणि पहिले चार संघ बाद फेरीत जायचे. आमचा संघ आठ वर्षं खेळत होता, पण अंतिम सामना आम्ही एकदाही खेळलो नव्हतो. त्या साली मात्र आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. संघ जमला होता. मी मधून चेंडू काढून द्यावा, उजव्या विंगेनं तो घेऊन सुटावं आणि समोरच्यांनी तिच्या पाठीकडं बघत राहावं, असं चाललं होतं.

आठव्या सामन्यात आमच्या गोलकीपरच्या मनगटावर स्टिक बसली आणि हाड मोडलं. उरलेल्या दोन सामन्यांत आम्ही आमच्या फुलबॅकला पॅड बांधून गोलात उभं केलं. ती एरवी धीट पोरगी, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. दोन सामन्यांत आम्ही सात गोल खाल्ले. दुसरा क्रमांक टिकला तो आधीच्या पुण्याईवर.

स्टेशनपलीकडचा संघ तेव्हा सगळ्यांत शेवटी होता. दहापैकी नऊ सामने हरलेला. त्यांची गोलकीपर मात्र अख्ख्या शहरात सगळ्यांत चांगली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिच्यावर गोल करताना आम्हालाही घाम फुटला होता. एका शनिवारी त्या संघाच्या प्रशिक्षक बाई आमच्या मैदानावर आल्या आणि आमच्या कप्तानाला म्हणाल्या, "आमची गोलकीपर घ्या. बदल्यात तुमची सेंटर हाफ द्या."

नियमात तशी सोय होती. बाद फेरीची यादी देण्याआधी दोन संघांना एकास एक अशी खेळाडूंची अदलाबदल करता यायची. दोन्ही खेळाडूंच्या सह्या लागायच्या. आणि बदललेली खेळाडू पुढचा सगळा हंगाम नव्या संघाशी बांधली जायची. आजवर कुणी ही सोय वापरली नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. त्या गोलकीपरचं लग्न ठरलं होतं. वैशाखात लग्न, आणि मुलगा पार हैदराबादचा. म्हणजे ती आमच्याकडं आली तर उपांत्य सामना खेळणार, जिंकलो तर अंतिम, आणि संपलं. मी मात्र त्यांना पुढचं अख्खं साल मिळणार होते. माझ्याबद्दल त्या बाईंना खात्री होती, कारण मी घरी भांडून दोन वर्षं मागून घेतली होती. बी.एड. होईपर्यंत माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही, असं वडलांनी कबूल केलं होतं, आणि ही गोष्ट सगळ्या संघांत पसरली होती. दोन वर्षं नक्की खेळणारी मुलगी त्या काळी सोलापुरात दुर्मीळ होती.

रविवारी सकाळी सराव बाजूला ठेवून आम्ही कडुनिंबाखाली बसलो. आम्ही बाराजणी आणि आमचे प्रशिक्षक. ते पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार होते. तरुणपणी पोलिसांकडून हॉकी खेळलेले. आम्हाला सगळ्यांना ते 'बेटा' म्हणायचे आणि आम्ही त्यांना 'चाचा'. कप्तान वयानं मोठी, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिला सगळ्या ताई म्हणायच्या.

ताईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "बोला. काय करायचं?"

उजवी विंग आधी बोलली. तिचं घर मूळचं नातेपुत्याकडचं, वडील कामासाठी शहरात आलेले. ती मनात आलेलं कधी गिळायची नाही.

"हा सौदा तोट्याचा हाय," ती म्हणाली. "दोन मॅचसाठी वर्षाचं मानूस द्यायचं? आन् दोन बी कशाला, सेमी हारलो तर एकच. पुढच्या साली मधल्या जागी कोन उभं ऱ्हानार? मला बॉल कोन देनार?"

"पुढच्या साली तू तरी असशील का?" ताईंनी विचारलं.

तिनं स्टिक मांडीवर आडवी घेतली.

"मोजूया," ताई म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्यात ज्या नक्की खेळणार आहेत त्यांनी हात वर करा. घरच्यांनी हो म्हटलंय, अशाच."

कुणी लगेच हात वर केला नाही. दोघींची लग्नं ठरलेली. एक नर्सिंगला पुण्याला निघालेली. एकीचे वडील बदलीच्या नोकरीत. ताईंचं स्वतःचं वय झालं होतं आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी पाच हात वर आले. त्यातला एक माझा होता.

"बघा," ताई म्हणाल्या. "पुढचं साल, पुढचं साल म्हणतोय आपण, ते कुणाचं आहे? आपल्याला हेच साल आहे. असा संघ पुन्हा जमणार नाही."

"पन पाचातली बी तुम्ही एक देताय की," उजवी विंग म्हणाली. "ऱ्हानारीच द्यायची आन् जानारी घ्यायची, हे कुटलं गनित?"

खरं सांगायचं तर दोघींचंही मला पटत होतं. मी मान खाली घालून स्टिकवरची पट्टी सोडत आणि बांधत बसले होते. माझ्याविषयी बोलणं चाललं होतं आणि मी तिथंच होते, याचं एव्हाना कुणाला तरी वाईट वाटलं. डाव्या बाजूची हाफ म्हणाली, "तिच्या तोंडावर आपण असं बोलतोय, बरं दिसत नाही. तिला घरी जाऊ दे, मग ठरवू."

"मी कुठं जात नाही," मी म्हणाले. "बोला. माझ्यावाचून काय अडतं आणि काय अडत नाही, ते मलाही ऐकू दे."

मग त्या मोकळेपणानं बोलल्या. चांगलं बोलल्या तसं टोचेल असंही बोलल्या. मी दमत नाही, मागं येऊन फुलबॅकलाही हात देते, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण मी चेंडू फार वेळ जवळ ठेवते, असं एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, माझ्या जागी ताई खेळू शकतील, पळणं कमी पडेल पण चेंडू लवकर सुटेल. मला वाटत होतं की मी नसले तर संघ उभाच राहणार नाही. तसं नव्हतं. ते ऐकताना कानाच्या पाळ्या तापल्या, पण मी उठले नाही.

ताईंनी चाचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, पुढे कोण राहणार ते मला नाही ठाऊक. मी गोल बघतो. शेवटच्या दोन मॅचमध्ये आपण चार मारले, सात खाल्ले. सेंटर हाफ कितीही चांगली असो, ती गोलात उभी नाही राहू शकत."

मत घ्यायचं ठरलं. मी देणार नव्हते. मनगट मोडलेली आमची गोलकीपरही म्हणाली, की तिच्या जागेविषयी तिनंच मत देणं बरोबर नाही. राहिल्या दहाजणी. पाच बाजूनं, पाच विरुद्ध.

"म्हणजे काहीच ठरलं नाही," डावी हाफ म्हणाली.

"ठरवायचं हिनंच आहे," ताई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "सही तिची लागते. तुला जायचं नसेल तर विषय इथंच मिटला. कुणी तुला बोल लावणार नाही."

मी उद्यापर्यंत वेळ मागितला.

वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते. दुपारी जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते कडक भाकरी शेंगांच्या चटणीशी मोडत ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, कशाला स्टेशनपलीकडं जातेस, लांब पडतं. ते म्हणाले, "मला विणाईतनं काढून दुसऱ्या खात्यात टाकलं तवा कुणी इचारलं न्हवतं. सकाळी गेलो, तर माझ्या मागावर दुसरा मानूस. तुला इचारत्यात. इचारत्यात तर नीट इचार करून सांग."

दुसऱ्या दिवशी मी ताईंना म्हणाले, "आधी त्या गोलकीपरला भेटू. तिला घरचे खेळू देणार आहेत का, ते तरी कळू दे. नाहीतर मी तिकडं जायची आणि ती घरात बसायची."

तिचं घर शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत दोन माग चालू होते आणि त्यांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं. घरात तेलुगू चालायचं. आम्ही आल्याचं बघून तिच्या वडलांनी दोन्ही माग थांबवले आणि आम्हाला बसायला चादर टाकली. माणूस शांत होता. पण ताईंनी विषय काढल्याबरोबर त्यांनी मान हलवली.

"नाही बाई. आता नाही. लग्न तोंडावर आलंय. चेंडू तोंडावर बसला, दात पडला, तर मी त्या लोकांना काय सांगू?"

गोलकीपर आतल्या दाराशी उभी होती. ती पुढं आली. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज मात्र अगदी हळू.

"नान्ना, सहा वर्षं खेळते मी," ती म्हणाली. "सहा वर्षांत तोंडावर बसला का कधी?"

"एकदा बसायला किती वेळ लागतो?"

"या हंगामात दहा सामने खेळले. लग्न दिवाळीतच ठरलं होतं ना? तेव्हा नाही अडवलं तुम्ही."

"तेव्हा लग्न लांब होतं."

मग ती म्हणाली, "दोन सामने आहेत. फक्त दोन. मग मी आयुष्यभर तुम्ही म्हणाल तिथं राहणारच आहे."

वडील मागाच्या दांडीवर हात ठेवून बसले. आम्हाला चहा आला. तो पिताना ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं रंगवलेलं सूत वाळत टाकलं होतं.

"तू नको म्हणालीस तरी मला राग नाही," ती म्हणाली. "तुझा संघ चांगला आहे. माझ्यासाठी कुणी का सोडावा?"

"तुला का यायचंय?" मी विचारलं.

तिनं वाळणारी एक लड पलटली. "गेल्या महिन्यात आम्ही एक सामना नऊ गोलांनी हरलो. नऊ सगळ्यांना ठाऊक आहेत. मी त्या दिवशी एकोणीस चेंडू अडवले. मोजले होते मी. दुसऱ्या कुणी मोजले नाहीत. मोजून काय करणार, हरलेल्याच होतो. एकदा तरी अशा जागी उभं राहायचंय, की एक चेंडू अडवला तर त्याचा काही उपयोग होईल."

मी त्याच वेळी ठरवलं. तिची दया आली म्हणून नाही. मला तिचा हेवा वाटला. आपल्याला काय हवं आहे हे तिला इतकं नेमकं ठाऊक होतं, आणि मी आदल्या दिवसापासून माझी किंमत किती याचाच हिशेब करत बसले होते.

आम्ही पुढच्या खोलीत आलो. तिच्या वडलांनी मला विचारलं, "पोरी, तू तिकडं जाणार? तो संघ तर हरतो. तुला काय मिळणार त्यातून?"

"सध्या हरतो," मी म्हणाले.

ते पहिल्यांदा थोडं हसले. मुलीला तेलुगूत काहीतरी म्हणाले. तिनं आम्हाला सांगितलं, "म्हणतायत, चेंडू पायानं अडव, तोंडानं नको."

मंगळवारी आम्ही दोघींनी अर्जावर सह्या केल्या. मी स्टेशनपलीकडच्या बाईंना एकच अट घातली. सराव आठवड्यातून एकदा न होता चार दिवस होईल, सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आत. त्या म्हणाल्या, "मुली येणार नाहीत."

"मी आणीन," मी म्हणाले.

उपांत्य सामना मी बाहेरून बघितला. माझ्या जागी ताई होत्या. त्या पळत नव्हत्या, पण चेंडू खरंच लवकर सुटत होता, हे मला कबूल करावं लागलं. उजव्या विंगेनं पहिल्या अर्ध्यातच गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मी गोलाच्या मागं, चादरीच्या बाजूला उभी होते. स्ट्रोक घेणारी मुलगी ताकदीची होती. आमची गोलकीपर, म्हणजे त्यांची, म्हणजे आता कुणाची म्हणायची ते मलाही कळेना, गुडघे वाकवून उभी राहिली. चेंडू उजवीकडं वर आला. तिनं हात टाकला, चेंडू हातावर बसून खांबाबाहेर गेला. मैदानावरच्या सगळ्याजणी तिच्याकडं धावल्या. मी मात्र चादरीशीच थांबले. तो माझा संघ राहिला नव्हता.

एक-शून्य. आठ वर्षांत पहिल्यांदा संघ अंतिम सामन्यात आला.

अंतिम सामना ते हरले. दोन-एक. पहिला गोल तिच्या हातात काही नव्हतं असा झाला. चेंडू ताईंच्या स्टिकला लागून दिशा बदलून आत गेला. दुसरा पेनल्टी कॉर्नरवर. तिनं त्या दिवशी किती चेंडू अडवले ते या वेळी मी मोजले. चौदा. सामना संपल्यावर मी तिच्याकडं जाऊन तो आकडा सांगितला. ती म्हणाली, "पंधरा. सुरुवातीचा एक तू धरला नाहीस." तिच्या गळ्याखालच्या हाडावर चेंडू बसून निळं पडलं होतं. वैशाखात लग्नाला गेले तेव्हा तो डाग गेलेला होता. तिच्या वडलांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं.

अंतिम सामन्याच्या दिवशीच उजवी विंग मला गाठून म्हणाली होती, "बघ. मी म्हटलं हुतं की. तीबी गेली, तूबी गेलीस, आन् कपबी गेला."

मी तिच्याशी वाद घातला नाही. मला दुसरं काम होतं. उन्हाळा सुरू झाला होता आणि नव्या संघात सरावाला चारच मुली यायच्या. मी सायकलवरून एकेकीच्या घरी जायची. एकीच्या आईला वाटायचं हॉकीनं हात राठ होतात. मी माझे हात दाखवायची. ते राठच होते, पण त्या माउलीला माझा आगाऊपणा आवडला असावा, कारण मुलगी आली. एकीच्या घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं, तर ती भावंडंच मैदानावर आणली आणि रेघेबाहेर बसवली. पावसाळ्यापर्यंत नऊ झाल्या. दसऱ्यापर्यंत तेरा. गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मी एका अबोल, ढिम्म मुलीला पॅड बांधले आणि रोज शंभर चेंडू मारले. तिला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की अडवलेले मोज.

माझ्यावर टीका झाली होती तीही मी विसरले नव्हते. चेंडू स्टिकवर आला की मी मनात दोन आकडे म्हणायची आणि दुसऱ्या आकड्याला तो सोडायची. सुरुवातीला चुकायचे. मग हाडात बसलं.

पुढच्या हिवाळ्यात ताईंनी म्हटलं होतं तसंच झालं. माझा जुना संघ विरळ झाला. ताई खेळायच्या थांबल्या. जेमतेम अकराजणी जमायच्या आणि त्यात चौघी नवख्या. साखळीचा शेवटचा सामना आमचा त्यांच्याशी आला आणि जो जिंकेल तो चौथा, म्हणजे बाद फेरीत, असा हिशेब होता.

उजवी विंग अजून त्यांच्याकडंच होती. घरच्यांनी तिला आणखी एक साल दिलं होतं. तिला अडवायचं काम मी माझ्याकडं घेतलं, कारण ती कुठल्या खांद्यावरून वळते ते मला ठाऊक होतं. सत्तर मिनिटं आम्ही एकमेकींच्या अंगाला अंग लावून पळलो. एकदा तिनं मला चकवलं आणि गोल झाला. आम्ही दोन केले. शेवटची दहा मिनिटं ती एकटीच संघ ओढत होती. आमच्या त्या ढिम्म गोलकीपरनं तिचे तीन चेंडू पॅडवर घेतले. सामना संपल्यावर तिनं मला येऊन सांगितलं, "सोळा."

आम्ही बाद फेरीत गेलो आणि उपांत्य सामन्यात तीन गोलांनी हरलो. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. वर्षभरापूर्वी तोच संघ नऊ सामने हरला होता.

त्यानंतर जुना संघ उभा राहिला नाही. जूनच्या एका सकाळी आमचा सराव चालू असताना उजवी विंग मैदानावर आली. हातात स्टिक होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून चालत आली होती, पायांवर धूळ होती.

"हितं जागा हाय का?" तिनं विचारलं.

"उजवीकडं हाय," मी म्हणाले.

ती त्या साली आमच्याकडून खेळली आणि मग तिचं लग्न झालं. अजून भेटते. आता दोघींची नातवंडं आहेत. भेटली की तो विषय निघतोच, आणि ती अजून म्हणते की तो सौदा तोट्याचा होता, मी गेले नसते तर तो संघ मोडला नसता. मी तिला हात वर केलेल्या पाचजणींची आठवण देते. ती म्हणते, पाच हुत्या की, सहा-सात आपण गोळा केल्या असत्या, तू तिकडं केल्यास तशा हितंच केल्या असत्या. केल्याही असत्या कदाचित.

पण तो अर्ज पुन्हा माझ्यासमोर ठेवला तर मी सही करीन, हे मी तिला दर वेळी सांगते. ती मान हलवते, पदर सावरते आणि म्हणते, "तू लई हट्टी हायस." मग आम्ही चहा घेतो.